‘येतं’ आणि ‘करतो’ यांच्यातलं अंतर : जीवनकौशल्यं मोजण्याविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १३ ते १६ वयाच्या मुलामुलींसाठी तुम्ही वर्षभर जीवनकौशल्यांचे वर्ग घेतले. सुरुवातीला ४० विधानांची प्रश्नावली भरून घेतली. ‘मी माझ्या रागावर ताबा ठेवू शकतो’, ‘मी समोरच्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकतो’ अशी विधानं, प्रत्येकाला १ ते ५ गुण. तेव्हा सरासरी २०० पैकी १५२ आली. वर्षअखेरीस तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली तर १४७. वर्ग वाया गेले का, आणि पुढच्या वर्षी कोणती प्रमाणित चाचणी वापरावी, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देते. या दोन आकड्यांवरून वर्ग वाया गेले असं म्हणता येत नाही. सरासरी १६० आली असती तर वर्ग यशस्वी झाले असंही म्हणता आलं नसतं. चाचण्यांची नावं पुढे येतीलच, पण चाचणी निवडण्याआधी तुमच्या हातातल्या पाच गुणांच्या घसरणीकडे नीट बघू. तिच्यातून बरंच शिकता येतं.

ज्या मुलाच्या लेखी राग म्हणजे फक्त आरडाओरडा आणि मारामारी, तो सुरुवातीला अगदी प्रामाणिकपणे स्वतःला ४ गुण देतो, कारण तो ओरडत नाही. वर्षभर तुमच्या वर्गात बसल्यावर त्याला कळतं की दोन-दोन दिवस अबोला धरणं हाही रागच, धाकट्या भावंडावर विनाकारण खेकसणं हाही रागच. वर्षअखेरीस तो तितक्याच प्रामाणिकपणे ३ लिहितो. मुलगा मागे गेलेला नाही. ज्या पट्टीने तो स्वतःला मोजत होता ती पट्टी तुम्ही शिकवून बदललीत. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनात हे इतक्या वेळा दिसलं आहे की त्याला ‘रिस्पॉन्स शिफ्ट’ असं नाव पडलं. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस यावर नेमकं बोट ठेवलं. त्यावरचा एक उपाय म्हणजे वर्षअखेरीस दोन प्रश्न एकदम विचारायचे: आज तू कुठे आहेस, आणि आज तुला जे कळतंय त्या हिशेबाने वर्षाच्या सुरुवातीला तू कुठे होतास? या पद्धतीत आधीचं आणि आताचं एकाच पट्टीने मोजलं जातं. धोकाही उघड आहे. ताईंना बरं वाटावं म्हणून मुलं ‘आधी’चे गुण खाली ओढतात. म्हणून या उत्तराचा मी दुजोरा म्हणून उपयोग करते, मुख्य पुरावा म्हणून कधीच करत नाही.

दुसरं कारण तुलनेचं. ‘मी मेहनती आहे’ या विधानाला गुण देताना मूल मनातल्या मनात कोणाशी तरी स्वतःची तुलना करतं. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात यावर झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या शाळांतल्या मुलांची परीक्षेतली प्रगती जास्त होती, त्याच शाळांतल्या मुलांनी आत्मसंयम आणि चिकाटी यांत स्वतःला कमी गुण दिले होते. या शाळांमध्ये शिस्त आणि अपेक्षा दोन्ही कडक होत्या, त्यामुळे ‘संयमी’ म्हणजे काय याचा मुलांचा मापदंडच उंच झाला असावा, असं संशोधकांचं म्हणणं. त्यात वयाची भर घाला. ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २०१९ मध्ये १० आणि १५ वर्षांच्या मुलांची सामाजिक-भावनिक कौशल्यं मोजली, तेव्हा १५ वर्षांच्या मुलांनी बहुतेक कौशल्यांत स्वतःला १० वर्षांच्यांपेक्षा कमी लेखलं. तुमची मुलं नेमकी त्याच वयातून जात आहेत. वर्ग घेतला नसता तरी आकडा थोडा उतरला असता, ही शक्यता डोळ्यांआड करता येणार नाही. आणि वर्गात न आलेल्या मुलांचा गट तुलनेला नाही, म्हणून ती तपासताही येत नाही.

पट्टीचा घोळ कमी करायचा आणखी एक मार्ग आहे. त्याला थोडी मेहनत लागते, पण १३ च्या पुढच्या वयाला तो छान जमतो. मुलांना आधी तीन छोटे प्रसंग वाचायला द्यायचे. एकात पात्र भांडणात लगेच हात उगारतं, दुसऱ्यात चिडतं पण थांबतं, तिसऱ्यात चिडल्याचं शब्दांत सांगतं. या तिघांना रागावरच्या ताब्यासाठी गुण द्या, मग स्वतःला द्या. तिन्ही पात्रांना कोणी किती गुण दिले यावरून त्या मुलाची पट्टी कडक की सैल ते कळतं, आणि त्याच्या स्वतःच्या गुणांचा अर्थ लागतो. गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ही पद्धत मांडली, आणि २०१२ च्या पिसा या १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणातल्या विद्यार्थी प्रश्नावलीतही ती वापरली गेली.

आता मूळ मुद्दा. तुमच्या प्रश्नावलीतलं पहिलंच विधान पुन्हा वाचा: ‘ताबा ठेवू *शकतो*’. दुसरं विधान: ‘*ऐकतो*’. पहिलं क्षमतेबद्दल आहे, दुसरं सवयीबद्दल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची बेरीज झाली आहे. जीवनकौशल्यांच्या मापनातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, असं माझं इतक्या वर्षांच्या कामानंतरचं मत आहे.

हा फरक पहिल्यांदा ज्यांनी पक्का केला ते एडगर डॉल. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या व्हाइनलँड इथल्या संस्थेत ते संशोधनप्रमुख होते, आणि १९३५ मध्ये त्यांनी सामाजिक परिपक्वतेची मापनी प्रसिद्ध केली. तेव्हा बौद्धिक अक्षमता ठरवायची ती बुद्धिगुणांकावर. डॉल रोज पाहत होते की सारख्याच बुद्धिगुणांकाच्या दोन माणसांपैकी एक जण स्वतःचं आवरतो, निरोप पोचवतो, एकटा बाहेर जाऊन येतो, आणि दुसऱ्याला प्रत्येक गोष्टीला सोबत लागते. त्यांनी ११७ बाबींची यादी केली: स्वतःची निगा, खाणं, कपडे, स्वतःचे निर्णय, कामधंदा, संवाद, हिंडणंफिरणं, लोकांत मिसळणं. त्या व्यक्तीला समोर बसवून परीक्षा घेण्याऐवजी तिला रोज पाहणाऱ्या माणसाची मुलाखत घ्यायची, आणि प्रश्न विचारायचा तो ‘येतं का’ असा नाही, ‘एरवी करतो का’ असा. त्यातून सामाजिक वय काढायचं, त्याला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणलं की सामाजिक गुणांक. हा गुणांक आज जुना झाला, प्रश्न मात्र जुना झालेला नाही. त्याच परंपरेतली व्हाइनलँड अनुकूली वर्तन मापनी १९८४ मध्ये आली आणि तिची तिसरी आवृत्ती २०१६ मध्ये. तिच्यात एखादी गोष्ट सहसा करत असेल तर २, कधीकधी किंवा अर्धवट करत असेल तर १, कधीच करत नसेल तर ०. म्हणजे दात घासता येत असूनही रोज सांगावं लागत असेल तर पूर्ण गुण मिळत नाहीत. पालकांना हे अन्यायाचं वाटतं. ‘अहो, त्याला येतं सगळं, करत नाही एवढंच.’ मी त्यांना दर वेळी सांगते की त्या ‘एवढंच’मध्ये त्याच्या पुढच्या आयुष्याचा मोठा भाग आहे. २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी नियमपुस्तिकेत, बौद्धिक अक्षमतेची तीव्रता बुद्धिगुणांकावरून न ठरवता अशा रोजच्या वागण्यावरून ठरवतात, तेही याच कारणाने.

‘येत नाही’ आणि ‘येतं पण करत नाही’ यांत फरक करण्यावर मानसशास्त्रज्ञ फ्रँक ग्रेशम यांनी सामाजिक कौशल्यांच्या संदर्भात खूप भर दिला. त्याचं व्यावहारिक मोल मला एका मुलाने शिकवलं. १४ वर्षांचा होता. ‘अडचण आली तर मी मदत मागतो’ याला त्याने पाचपैकी पाच दिले होते. नाट्यप्रसंगातही त्याने मदत फार सुंदर मागितली: नजर देऊन, नेमकं काय अडलंय ते सांगून. माझ्या नोंदीत मी ‘उत्तम’ लिहिलं. पुढे कळलं की गणिताच्या तासाला तो तीन महिने काहीही न समजता बसून होता आणि त्याने एकदाही हात वर केला नव्हता. कारण विचारलं तर म्हणाला, ‘तिथं विचारलं की सगळे हसतात.’ त्याला मदत कशी मागायची ते शिकवणं हा वेळेचा अपव्यय ठरला असता. बदलायचा होता तो वर्ग. माझं माप मुलाच्या आत डोकावत होतं, आणि अडचण त्याच्याभोवतीच्या माणसांत होती. ती ‘उत्तम’ची नोंद मी खोडली नाही. तिच्यापुढे ‘कुठे?’ असं लिहून ठेवलं, आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक नोंदपत्रकात ‘कुठे’ हा रकाना आहे.

यावरून तुमच्या बेरजेकडे येते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्यं सांगितली: स्वतःची जाणीव, समानुभूती, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, परिणामकारक संवाद, परस्परसंबंध, भावना हाताळणं आणि ताण हाताळणं. ही यादी शिकवण्यासाठी उत्तम आहे. पण ती मोजपट्टी म्हणून केलेलीच नव्हती. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या वेगाने वाढते, आणि काही एकमेकींच्या विरुद्धही जातात. समानुभूती वाढलेल्या मुलीचा ताण काही काळ वाढू शकतो, कारण आता तिला मैत्रिणीचं दुःख कळतं. चिकित्सक विचार वाढलेला मुलगा घरी जास्त वाद घालतो, आणि मग पालकांच्या दृष्टीने त्याचे ‘परस्परसंबंध’ बिघडतात. अशा दहा गोष्टींची बेरीज १५२ आली काय नि १४७ आली काय, तिला अर्थ नसतो. आधी कौशल्यागणिक वेगळे आकडे काढा. कदाचित आठ ठिकाणी फरकच नसेल आणि दोन ठिकाणी मोठी घट असेल. मग प्रश्न एकदम वेगळा होतो.

चाचणी निवडण्याआधी स्वतःला विचारा, या मोजण्यावरून मी कोणता निर्णय घेणार आहे? एका मुलाला विशेष आधाराची गरज आहे का हे ठरवायचं असेल तर मानकं असलेली (म्हणजे त्या-त्या वयाच्या पुष्कळ मुलांवरून सरासरी गुण आधीच काढून ठेवलेली), प्रशिक्षित व्यक्तीने घ्यायची मापनी हवी, व्हाइनलँडसारखी. तिथे सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) १५ धरून मुलाची त्याच्या वयाच्या मुलांशी तुलना होते. पण मानकं ज्या समाजातल्या मुलांवरून काढली, ती तुलना त्यांच्याशीच. नुसतं भाषांतर करून परक्या मानकांवर बोट ठेवू नका. पुढच्या महिन्यात काय शिकवायचं हे ठरवायचं असेल तर मानकांची गरजच नाही, पायऱ्या-पायऱ्यांची निरीक्षणसूची पुरते. आणि कार्यक्रमाचा परिणाम दाखवायचा असेल तर तुलनेचा गट, आधी-नंतरचं मोजमाप आणि एकाहून जास्त प्रकारचा पुरावा, तिन्ही हवेत. पुष्कळ संस्था या तिसऱ्या कामासाठी रॉबर्ट गुडमन यांची १९९७ ची स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज प्रश्नावली वापरतात, कारण ती छोटी आहे. पण तिच्यातल्या २५ विधानांपैकी २० अडचणींविषयी आहेत आणि फक्त पाच मदतशील वागण्याविषयी. अडचणीत असलेली मुलं लवकर ओळखायला ती चांगली. तुमच्या वर्गातून संवाद सुधारला का, हे ती सांगू शकत नाही.

तुमचं काम दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारचं आहे, म्हणून निरीक्षणसूचीविषयी सविस्तर लिहिते.

चांगल्या सूचीत विशेषणं नसतात, घटना असतात. ‘निर्णयक्षमता चांगली आहे’ यावर दोन शिक्षकांचं एकमत होणारच नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘दोन पर्यायांपैकी निवड करण्याआधी दोन्हींचा किमान एकेक तोटा सांगितला.’ ‘संवादकौशल्य’ऐवजी: ‘ठरलेली वेळ पाळता येणार नाही हे समजल्यावर समोरच्याला आधी कळवलं.’ ‘भावनिक नियमन’ऐवजी: ‘खेळात हरल्यावर दहा मिनिटांच्या आत पुन्हा गटात आला.’ अशी वाक्यं लिहायला वेळ लागतो. एका कौशल्यासाठी चार-पाच नेमक्या घटना सापडल्या की पुरे.

मग प्रत्येक घटनेपुढे आधाराची पायरी नोंदवा. मी पाच पायऱ्या वापरते. दुसऱ्यानेच करून द्यावं लागतं, ०. शेजारी बसून टप्प्याटप्प्याने सांगितल्यावर करतो, १. एकदा आठवण केल्यावर करतो, २. नुसती खूण, नजर किंवा भिंतीवरची यादी पुरते, ३. कोणी काही न सांगता करतो, ४. ही पायरी ‘कधीकधी’, ‘बरेचदा’ यांपेक्षा खूप जास्त सांगते. १ वरून ३ वर आलेलं मूल अजून ‘स्वतंत्र’ नसतं, पण त्याच्या घरच्यांसाठी ते दिवसातले कित्येक तास मोकळे होणं असतं. हो-नाहीच्या खुणेत ही सगळी वाढ दिसेनाशी होते.

पायरीशेजारी दोन रकाने: कुठे झालं आणि किती संधींपैकी किती वेळा. वर्गात तुमच्यासमोर ४ आणि बाहेर अनोळखी माणसासमोर १, हे चित्र फार नेहमीचं आहे. त्याची सरासरी अडीच काढू नका. दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले तर पुढचं काम समोरच दिसतं.

आणि एक रकाना माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, जो बहुतेक घरगुती सूचींमध्ये नसतो: ‘संधी मिळाली नाही’. डॉल यांच्या मापनीत यासाठी वेगळी खूण होती, आणि ती त्यांनी का ठेवली असेल हे क्षेत्रात काम केलं की समजतं. ज्या मुलीला कधी एकटं बाहेर पाठवलंच नाही तिच्यापुढे ‘एकटी प्रवास करते’ याला शून्य पडतं. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलाच्या इमारतीत उतरायला रॅम्पच नसेल तर त्याच्याही पुढे शून्य पडतं. ज्याच्या हातात कधी पैसेच दिले नाहीत त्याला व्यवहारज्ञानात शून्य. हे शून्य मुलाचं नाही. ते मुलाच्या खात्यावर लिहिलं तर आपण त्याच्यावर अन्याय करतोच, शिवाय उपायही चुकीच्या जागी करतो. ‘संधी नाही’च्या खुणा जिथे दाटीने दिसतात तिथे पालकांशी बोलायचं, मुलाला धडा द्यायचा नाही.

कोणाला विचारायचं? तिघांना: मुलाला, घरच्याला, शिक्षकाला. आणि त्यांची उत्तरं जुळली नाहीत तर घाबरायचं नाही. थॉमस आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अशा शंभराहून जास्त अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांनी तपासलेल्या गोष्टी मुख्यतः भावनिक आणि वर्तनाच्या अडचणी होत्या, पण धडा सगळीकडे लागू पडतो. आई आणि वडील, किंवा एकाच वर्गाचे दोन शिक्षक, अशा एकसारख्या भूमिकेतल्या माणसांच्या उत्तरांत सहसंबंध सुमारे ०.६० होता (उत्तरं तंतोतंत जुळली तर १, काहीच संबंध नसेल तर ०). पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांत तो ०.२८ पर्यंत उतरला, आणि मुलाचं स्वतःचं उत्तर व इतरांची उत्तरं यांच्यात ०.२२. यातलं कोणीतरी खोटं बोलतंय असं मानायचं कारण नाही. घरी आणि शाळेत मूल खरोखरच वेगळं वागतं. तिघांची सरासरी काढून एकच ‘खरा’ आकडा तयार करण्याचा मोह होतो, पण तसं केलं की जी माहिती हवी होती तीच पुसली जाते. घरी २ आणि शाळेत ४ असेल तर मी आईला विचारते, ‘शाळेत तो स्वतः करतो, घरी आठवण करावी लागते. घरी असं काय वेगळं आहे?’ अनेकदा उत्तर असतं, घाई. सकाळी कोणाला थांबायला वेळ नसतो, म्हणून आई करून टाकते.

निरीक्षण करणारे दोघं असतील तर सुरुवातीला एकाच मुलाच्या वीसेक घटना दोघांनी स्वतंत्रपणे नोंदवाव्यात आणि मग ताडून पाहाव्यात. वीसपैकी १७ जुळल्या तर ८५ टक्के. यातल्या काही नुसत्या योगायोगानेही जुळतात. तो भाग वजा करून एकमत काढायला जेकब कोहेन यांचा १९६० पासून वापरात असलेला कप्पा गुणांक आहे. तुमच्या कामाला टक्केवारीही चालेल, पण न जुळलेल्या तीन घटनांवर बसून बोला. सूचीतलं धूसर वाक्य तिथेच सापडतं.

मुलांकडून एकमेकांविषयी विचारण्याची पद्धतही आहे. जेकब मोरेनो यांच्या समाजमितीपासून (गटात कोण कोणाला निवडतं ते मोजण्याच्या पद्धतीपासून), म्हणजे १९३० च्या दशकापासून ती चालत आली. ‘गटात काम करायला तुला कोण आवडेल?’ एवढंच विचारा. ‘कोण नको?’ असा प्रश्न मी विचारत नाही आणि तुम्हीही विचारू नका, कितीही उपयोगी माहिती मिळत असली तरी. तो कागद गोळा झाल्यावरही वर्गात तो प्रश्न राहतो.

नाट्यप्रसंगाविषयी वर सांगितलंच. त्यातून ‘येतं का’ हे कळतं, ‘करतो का’ हे कळत नाही. पण ‘येत नाही’ हे ओळखायला तो जलद आणि सुरक्षित मार्ग आहे, म्हणून वर्षाच्या सुरुवातीला जरूर घ्या.

आकडेमोडीतलं आता थोडक्यात. ज्या मुलांचे गुण सुरुवातीला फारच कमी होते त्यांचे पुढच्या वेळी आपोआप थोडे वाढतात आणि फार जास्त असलेल्यांचे थोडे उतरतात. सरासरीकडे परतण्याचा हा नियम फ्रान्सिस गाल्टन यांनी १९ व्या शतकातच दाखवला होता. म्हणून फक्त ‘कमकुवत’ मुलं निवडून त्यांची प्रगती दाखवणाऱ्या अहवालांवर मी विश्वास ठेवत नाही. दुसरं, कुठलाही आकडा एकटा सांगू नका. सरासरी १००, प्रमाण विचलन १५ आणि विश्वसनीयता (पुन्हा मोजलं तर गुण किती तसेच येतात याचं माप, जास्तीत जास्त १) ०.९१ असलेल्या चांगल्या मापनीतही मोजमापाची प्रमाण त्रुटी ४.५ येते, आणि खरं स्थान बहुधा या त्रुटीच्या दुपटीइतकं खाली-वर असू शकतं. म्हणजे ७४ गुण मिळालेल्या मुलाचं खरं स्थान साधारण ६५ ते ८३ यांच्यात कुठेही असू शकतं. ७० ही सीमा धरून त्याला आधार द्यायचा की नाकारायचा हे ठरवणाऱ्याने ही रुंदी डोळ्यांसमोर ठेवायलाच हवी.

एकेका मुलासाठी मला सर्वांत आवडणारी पद्धत म्हणजे उद्दिष्टपूर्तीची श्रेणी. किरेसक आणि शर्मन यांनी १९६८ मध्ये मानसिक आरोग्य सेवांसाठी ती मांडली होती. मुलासोबत बसून एक उद्दिष्ट ठरवायचं आणि तीन महिन्यांनी काय दिसेल याच्या पाच पायऱ्या आधीच लिहून ठेवायच्या. अपेक्षित ते ०, त्याहून बरं +१ आणि +२, त्याहून कमी −१ आणि −२. फोनवर बोलायला घाबरणाऱ्या एका मुलीसोबत आम्ही लिहिलं होतं: फोन वाजला की खोलीबाहेर जाते, −२. उचलून दुसऱ्याच्या हातात देते, −१. उचलून निरोप घेते, ०. स्वतः ओळखीच्या व्यक्तीला फोन करते, +१. अनोळखी ठिकाणी फोन करून माहिती विचारते, +२. पायऱ्यांचे शब्द तिचे होते. तीन महिन्यांनी ती +१ वर होती. तो आकडा तिला कोणी सांगावा लागला नाही, तिनेच मला सांगितला.

एक सावधगिरी मात्र कळकळीने सांगते. सूचीत ‘योग्य’ काय हे लिहिणारा मोठा माणूस असतो. त्यामुळे शांत, आज्ञाधारक मूल आपोआप ‘सामाजिक कौशल्यवान’ ठरतं आणि ‘मला हे पटत नाही’ म्हणणारं मूल खाली जातं. नकार देणं हेही कौशल्य आहे, आणि या वयाच्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी ते फार मोलाचं आहे. स्वमग्न मुलाने नजर भिडवली नाही म्हणून संवादाचे गुण कापणंही असंच चुकीचं. त्याचं म्हणणं पोचलं का, एवढं बघा. सूची तयार झाली की ती तीन-चार मुलांना वाचायला द्या आणि विचारा, ‘यातलं काय फक्त आमच्या सोयीचं आहे?’ ती बरोबर बोट ठेवतात.

तुमच्या संस्थेत या गुणांवर मुलांचे क्रमांक किंवा शिक्षकांचं मूल्यांकन ठरवायचा विचार चालू असेल तर थांबवा. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७० च्या दशकात सांगितलं होतं की सामाजिक निर्णयांसाठी एखाद्या आकड्याचा जितका जास्त वापर, तितका तो आकडा बिघडण्याचा दबाव जास्त. ‘मी इतरांना मदत करतो’ यापुढे ५ लिहिल्याने बक्षीस मिळणार असेल तर सगळीच मुलं ५ लिहितील. मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि डेव्हिड येगर यांनीही २०१५ मध्ये या प्रकारच्या मापनांवरून शाळांची तुलना करण्याबाबत स्पष्ट इशारा दिला होता.

पुढच्या वर्षासाठी माझा सल्ला असा. दहाऐवजी तीनच कौशल्यं निवडा, ज्यांवर तुम्ही खरोखर वेळ देणार आहात. प्रत्येकाच्या चार-पाच घटना लिहा, आधाराच्या पायऱ्यांसह. सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी दोन ठिकाणी नोंदवा. ४० विधानांची प्रश्नावली १२ वर आणा, सगळी ‘करतो’ची, ‘शकतो’ची एकही नको, आणि ‘गेल्या दोन आठवड्यांत’ असे शब्द प्रत्येकात घाला. तीन प्रसंगांची पट्टी तिच्यासोबत जोडा. शक्य असेल तर दुसऱ्या सत्रात वर्ग सुरू होणाऱ्या गटाचंही मोजमाप पहिल्या सत्रातच करा, म्हणजे तुलनेला गट मिळेल आणि कोणाला वगळावंही लागणार नाही.

आणि या वर्षीचे कागद टाकू नका. त्यातली सर्वांत जास्त उतरलेली तीन विधानं शोधा. ज्या मुलांनी तिथे गुण कमी केले त्यांच्यापैकी पाच-सहा जणांना एकेकटं भेटा, त्यांचे दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, ‘इथे तू आधी ४ लिहिलं होतंस, आता २. मधल्या काळात काय झालं?’ मग त्यांना बोलू द्या, आणि ते जे शब्द वापरतील ते जसेच्या तसे लिहून घ्या. पुढच्या वर्षीच्या सूचीतली पहिली काही वाक्यं तुम्हाला तिथेच मिळतील.